सहावं मूल

शेजारीण मेडिकलच्या काउंटरवर आली आणि तिने प्रेग्नन्सी टेस्टचं किट मागितलं, तेव्हा मला वाटलं, नणंदेसाठी नेत असेल. तिला स्वतःला पाच मुलं होती आणि धाकटा बालवाडीत जायला लागला होता. किट कागदात गुंडाळता गुंडाळता मी सहज विचारलं, "कोणाला गं?"

"मलाच," ती म्हणाली. "अशी बघू नकोस. चुकून नाही, आम्हाला हवंय."

मी फार्मासिस्ट आहे. या काउंटरवर किट नेणाऱ्या बायका मी रोज बघते. कोणी घाबरलेली असते, कोणी नवस फेडायला निघाल्यासारखी, कोणी नवऱ्याला बाहेर बाइकवर थांबवून आलेली. पाच मुलांनंतर हसत किट नेणारी मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

टेमघरला एकाच बिल्डिंगमध्ये आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. ती कोकणी मुसलमान, बी.कॉम. झालेली. तिच्या नवऱ्याचा वडिलोपार्जित, कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. मी बौद्ध, माहेर अंबाडीच्या पुढच्या एका खेड्यातलं. माझा नवरा गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. आम्हाला एकच मुलगी, आणि ती एकच ठेवायची हे आम्ही लग्नाआधी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे मी सांगितलं आणि तो हो म्हणाला.

सांगण्यामागे कारण होतं. आम्ही सहा भावंडं. पाच बहिणी आणि शेवटी भाऊ. मी सगळ्यांत थोरली. आई भाताच्या शेतावर जायची आणि माझ्या कमरेवर कायम कोणीतरी असायचं. एक खाली उतरली की दुसरी चढायची. शाळेत मी धाकटीला घेऊन बसायचे. ती रडायला लागली की गुरुजी मला वर्गाबाहेर पाठवायचे, आणि मग मी खिडकीतून फळ्यावरचं उतरवून घ्यायचे. एवढं करून मी शिकले, पण मोठं कुटुंब म्हटलं की मला अजून कंबर दुखल्यासारखी वाटते.

शेजारणीची गोष्ट याच्या उलट. ती आईवडिलांची एकुलती एक, वडील कुवेतला. घरात आई आणि ती. "दोन ताटं, दोन पेले," ती सांगायची. "पाहुणे आले की मी त्यांच्या चपला लपवून ठेवायचे, म्हणजे ते जायचे नाहीत." तिनेही लग्नाआधीच नवऱ्याला सांगितलं होतं की मला भरलेलं घर पाहिजे. एकदा हे बोलता बोलता आमच्या लक्षात आलं, की दोघींनी आपापल्या होणाऱ्या नवऱ्यांसमोर एकाच विषयाची अट घातली होती. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

पोट दिसायला लागलं आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला मत फुटलं. तळमजल्यावरच्या काकूंना महागाईची काळजी वाटू लागली. तपासणाऱ्या डॉक्टरबाई तिला ओरडल्या. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांच्यात असंच असतं."

"त्यांच्यात म्हणजे कोणात?" मी म्हटलं. "तिच्या सगळ्या नणंदांना दोन-दोनच आहेत. आणि माझ्या आईला सहा होती. आम्हाला कोणात धरायचं?"

खरं तर सगळ्यांत जास्त नाराज शेजारणीची सासूच होती. एकदा जिन्यात तिने माझा हात धरला. "तूच सांग तिला, बेटा. तुझं ऐकेल. आता कारखाना पहिल्यासारखा चालतो का? निम्मे लूम भंगारात गेले."

मी काही सांगितलं नाही. एक मूल ठेवल्याबद्दल मी लोकांची इतकी मतं ऐकली होती, की दुसऱ्याच्या घरात मत टाकायची इच्छा नव्हती. 'एकटी पडेल', 'स्वार्थी होईल', 'उद्या काही झालं तर?' हे मला सख्ख्या बहिणींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं होतं. मूल एक असो की सहा, लोक आईलाच धारेवर धरतात हे मला पाठ झालं होतं.

पण तिची थोरली मुलगी माझ्याकडे अभ्यासाला यायची.

ती बारावी सायन्सला होती. तिच्या घरात टेबल होतं, पण त्यावर कायम कोणीतरी उभं असायचं. म्हणून ती दुपारी पुस्तकं घेऊन आमच्याकडे यायची आणि माझ्या लेकीच्या खोलीत बसायची. एका रविवारी मी घरी होते. ती गणितं सोडवत होती आणि दार वाजलं. "आपा, अम्मी बोलावतेय." धाकट्याला आंघोळ घालायची होती. ती गेली, परत आली. पुन्हा दार वाजलं. बहिणीचा प्रोजेक्ट चिकटवायचा होता. ती गेली, आली. मग कोणाची तरी वेणी. प्रत्येक वेळी ती कपाळाला आठी न घालता उठली. शेवटी परत आल्यावर तिने वही उघडली नाही.

"काकी," ती म्हणाली, "सहावं आलं की माझं शिकणं होणार नाही."

ती रडत नव्हती, पाऊस येणार आहे म्हणावं तशा आवाजात तिने ते सांगितलं.

"अम्मीला सांगितलंस?"

"काय सांगू? ती एवढी खूश आहे. तुम्हीपण नका सांगू."

मी हो म्हटलं, आणि पुढे कितीतरी दिवस तिने सांगितलेलं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही घरं मिळून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. शेजारणीच्या नवऱ्याने ओळखीची गाडी आणली होती. ती कुंडात उतरणार नव्हती, म्हणून मी तिच्यासोबत पायरीवर बसले. गंधकाचा वास येत होता. मुलं गरम पाण्यात पाय घालून किंचाळत होती, माझी लेक त्यांच्यात सगळ्यांत पुढे. शेजारणीने पोटावर हात ठेवला होता आणि ती त्यांच्याकडे बघून समाधानाने हसत होती. "हे बघ," ती म्हणाली, "याच्यासाठी मला लोक वेडी म्हणतात."

मी थोरलीकडे बघत होते. ती कुंडाच्या काठाला उभी होती. एकाला पुसत होती, दुसऱ्याला कोरडी चड्डी घालत होती, तिसरीचे केस पंच्याने झटकत होती. तिच्या स्वतःच्या सलवारीला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

"तिला जरा पाण्यात जाऊ दे ना," मी म्हटलं.

"कोणाला?"

"थोरलीला. आल्यापासून ती कामच करतेय."

"तिला आवडतं ते. ती लहानपणापासून तशीच आहे."

"मीपण तशीच होते," मी म्हटलं. "मला आवडत नव्हतं."

शेजारणीचा चेहरा बदलला. "तुला तुझ्या आईचा राग आहे. तो माझ्यावर काढू नकोस."

ते लागलं, कारण त्यात तथ्य होतं. पण मी थांबले नाही. "असेल राग. पण तुला मुलं हवी होती, तू निवडलंस. तिला आई व्हायचं होतं का, हे कोणी विचारलं?"

ती उठली आणि एकेका मुलाला हाका मारायला लागली. परतीच्या रस्त्यावर गाडीत फक्त मुलं बोलत होती.

त्यानंतर आमच्या समोरासमोरच्या दरवाजांतून वाटी इकडची तिकडे गेली नाही. थोरली अभ्यासाला यायची, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी तिला दिलेला शब्द पाळला, असं मी स्वतःला सांगत होते, पण तिला ते पटलं असेल असं वाटत नव्हतं.

त्याच सुमाराला आई डोळे तपासायला गावाहून माझ्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

"तिला पायजे हाय ना पोर? मंग व्हऊ दे," आई म्हणाली. "आमाला कोनी इचारलंच न्हाय. तुज्या बापाला पोरगा पायजे व्हता, न तुमी येत गेलात. तिला कोनी इचारतंय, ती हसतंय, बरंच हाय की." मग थोडं थांबून म्हणाली, "पर पोरीला मोकली सोड म्हनावं. तुला न्हाय सोडली मी. मला जमलंच न्हाय."

इतक्या वर्षांत आई हे पहिल्यांदा बोलली. मी तिच्या समोरच्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागले.

थोड्या दिवसांनी शेजारीण आली. दारात उभी न राहता ती सरळ स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. तिला धाप लागली होती.

"मी तिला विचारलं," ती म्हणाली. "आधी म्हणाली, काही नाही अम्मी. मग बोलायला लागली ती थांबेचना. तिचे पप्पा जेवत होते, त्यांनी हातातला घास खाली ठेवला." तिने ओढणीने डोळे पुसले. "मला खरंच वाटायचं ती हौसेने करते. मला भावंडं असती तर मी हौसेने केलं असतं. माझी हौस मी तिच्या डोक्यावर ठेवली."

मी पाणी दिलं. ती प्यायली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पण सहावं मी आनंदानेच जन्माला घालणार आहे. त्याबद्दल मला काही ऐकायचं नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतं."

बऱ्याच दिवसांनी आम्ही हसलो.

त्या घरात बदल झाला, पण एका दिवसात नाही. तिच्या नवऱ्याने सकाळची शिफ्ट मुकादमावर सोपवली आणि मुलांचे डबे करायचं काम आपल्याकडे घेतलं. पहिल्या आठवड्यात पोळ्या करपल्या आणि मुलं शाळेत वडापाव खाऊन आली. दुसऱ्या नंबरचा मुलगा दहावीत होता. 'आपा'ला हाक मारायला त्याला पाठवत, पण काम त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तो आता धाकट्याला आंघोळ घालू लागला, आणि त्यावरून दोघांची रोज मारामारी व्हायची. दुपारी एक मावशी ठेवली. थोरली अभ्यासाला आली की तिचे पप्पा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आमच्याकडे निघालेल्या मुलाला कॉलर धरून परत फिरवायचे.

बारावीची परीक्षा चालू असतानाच मुलगी झाली. थोरली पेपर देऊन परस्पर हॉस्पिटलला गेली, बाळ बघून आली आणि पुढच्या पेपरच्या अभ्यासाला बसली. मार्क बरे पडले. फार नाही, पण पुण्याच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. बाळाला कडेवर घेऊन शेजारीण हमसून रडत होती. थोरली रडली नाही. ती बॅग घेऊन गाडीत बसली, तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

सुट्टीत ती आली तेव्हा बाळ तिला ओळखेना. जवळ घेतलं की भोकाड पसरायचं. तिला वाईट वाटलं, पण ती हसूनही घेत होती. संध्याकाळी आम्ही सगळ्या आमच्या हॉलमध्ये चहा घेत होतो. माझ्या लेकीने तिला विचारलं, "तू किती मुलं करणार?"

"आधी डिग्री," थोरली म्हणाली. "मग बघू. कदाचित एकही नाही."

"मला तीन पाहिजेत," माझी लेक म्हणाली.

माझ्या हातातली किटली थबकली. शेजारीण इतक्या जोरात हसली की तिच्या मांडीवरचं बाळ दचकलं.

"तीन कशाला गं?" मी विचारलं.

"असंच," लेक म्हणाली. "आपल्याकडे शांत असतं ते मला आवडतं, आई. पण भांडायला कोणी नसतं. मग मी समोर जाते."

आणि ती बाळाला घेऊन समोरच्या घरी निघून गेली. तिथे कोणीतरी कोणाचं तरी काहीतरी फाडलं होतं, आणि आरडाओरडा आमच्यापर्यंत ऐकू येत होता.