शिट्टी कधी वाजली

हे आजवर कुणापुढं बोलले न्हाई — नवऱ्यापुढं न्हाई, देवापुढंबी न्हाई. तुला सांगते, कारण तू मधीच थांबवणार न्हाईस.

आष्टीकडल्या नव्या रेल्वेलाईनीवर, रूळ सांभाळणाऱ्या गँगमधी मी हाय. गँगमधली पहिली बाई. नव्या पोरी भरती झाल्या की साहेब मला त्यांच्यापुढं उभं करतात, आक्कांकडनं शिका म्हणतात. काय शिकणार माझ्याकडनं?

लाईनीवर काम चाललं की एकानं बाजूला उभं राहून गाडीवर डोळा ठेवायचा, दिसली की शिट्टी वाजवायची. बाकीचे मान खाली घालून, त्या शिट्टीच्या भरवशावर. बाईच्या हाती ती द्यायला कुणी तयार न्हवतं. गँगमधला जालिंदर एकटा म्हणला, "कावून न्हाई? घरी चुलीवरलं दूध कोण राखतंय?" मुकादम हसला, अन् शिट्टी माझ्या गळ्यात आली.

त्या दुपारी गँग पुढं पुलाजवळ होती. वळणावर आमी दोघंच — जालिंदर वाकून रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत होता, मी राखणीला. मला सकाळधरनं लघवीला लागली होती. लाईनीवर बाईला कुठं आडोसा असतो? पुरुषांचं काय, पाठ फिरवली की झालं. त्याला सांगायचं — जरा थांब, जाऊन येते — एवढंच. पण लाज वाटली. या येळेला गाडी नसतीच, असं म्हणून न सांगता बाभळीआड गेले.

अन् इंजिन आलं. नुसतं रिकामं इंजिन, वळणापल्याडनं. आवाज मला आधी आला. शिट्टी गळ्यातच होती — बसल्या जागी वाजवता आली असती. पण वाजवली असती तर त्यानं मान वर करून इकडंच बघितलं असतं, अन् मी तशी... मी आधी सलवार सारखी केली. नाडी बांधली. ओढणीसुद्धा नीट घेतली गं. मग पळत येऊन वाजवली — तवर इंजिन त्याच्यापाशी पोचलं होतं.

जालिंदरचा पाय गेला. गुडघ्याखाली.

चौकशीत मी सांगितलं, शिट्टी येळेवर वाजवली. गँगनं पुलावरनं ऐकलीच होती — पण कधी वाजली, ते एकट्या मलाच ठावं. तो म्हणला, मला ऐकू आली न्हाई. मग सगळ्यांनी ठरवलं, जालिंदरच कानानं अधू. मी मान डोलावली. दवाखान्यात त्यानं माझा हात धरला, "आक्का, तुमचा काय दोष न्हाई. माझेच कान फुटके." हल्ली बायको त्याच्याशी ओरडून बोलती. तोबी दोनदा विचारतो.

तू म्हणशील, खरं बोलले असते तर पुढं कुठल्या बाईला शिट्टी मिळाली नसती. मीबी मनाला हेच सांगत आले. खोटं हाय ते. बायांचा इचार तेव्हा आलाच न्हाई. नोकरी जाईल एवढंच आलं — अन् लाज.

आता त्याची पोरगी आमच्याच गँगमधी लागलीय. उद्यापास्नं राखणीला तीच. काल मला म्हणली, "मावशी, आप्पा म्हणत्यात, शिट्टी लई जोरात वाजव. पुढच्याचे कान कसे असत्याल, काय सांगावं."

जोरात न्हाई गं पोरी, लवकर. एवढं तरी सांगायला पायजे होतं. पण लवकर म्हणलं की ती विचारणार, कावून?

मी म्हणलं, "हो, जोरातच वाजव."