भोंग्याचं गाणं

सत्तर साली बायकोनं मला मंद्रूपच्या बाजाराला बैल आणायला पाठवलं आणि मी लाऊडस्पीकर घेऊन घरी आलो. बाजारात एकजण आपला धंदा मोडून सामान विकत होता. त्यानं माइकमध्ये फुंकर मारली, ती सगळ्या बाजाराला ऐकू गेली. तिथंच माझं डोकं फिरलं. एसटीच्या टपावर भोंगा बांधून मी कुंभारीत उतरलो, तेव्हा गोजरबाई दारात वैरण घेऊन उभी होती.

ती वैरण तिथंच टाकून आत गेली. चार दिवसांनी शेजारच्या हळदीत मात्र बायकांनी आग्रह केल्यावर तिनं गाणं म्हटलं :

बैल आणाया धाडलं धनी, भोंगा घेऊन आलं,
नांगराला गं जुपू कसं मी, बोंबलत घर भरलं!

बायका हसून हसून लोळल्या. ते गाणं कोण कुठं घेऊन गेलं देव जाणे. कुणाची तरी नणंद अकलूजकडं नांदत होती, तिच्याबरोबर ते तिकडं गेलं असावं. मी तोवर लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा सुरू केला होता. एकदा सोलापुरात दुकानदार म्हणाला, "नवीन रेकॉर्ड आलीय, लई चालती." मी न ऐकताच घेतली आणि गावातल्याच लग्नात लावली. भोंग्यातून गिरिजाबाई नावाची तमाशातली गायिका माझीच अब्रू काढू लागली. फक्त बैलाच्या जागी शालू आला होता. मांडवातल्या बायका माझ्याकडं बघून पदरात तोंड लपवत होत्या. रेकॉर्ड अर्ध्यात काढायला मी भोळा होतो का? काढली असती तर सगळ्यांनाच कळलं असतं. खरं तर सगळ्यांना माहीतच होतं.

पुढं कानडी रेकॉर्ड निघाली. वळसंगच्या चनबसप्पानं मला अर्थ सांगितला : त्यात नवरा म्हैस आणायला जातो आणि बाजाची पेटी आणतो. बँडवाल्यांनी नुसती चाल वाजवली, तरी पोरं शब्द म्हणायचीच. शेवटी भजनाची निघाली. देव आणाया धाडला जीव, माया घेऊन आला. म्हणजे त्या रेकॉर्डमध्ये मी चक्क जीवात्मा झालो होतो! एवढी बढती मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

तिथंच घोटाळा झाला. मला वाटू लागलं, एवढ्या रेकॉर्डी निघाल्या पण कुंभारीचं नाव कुठंच नाही. गोजरबाईला घेऊन मी अकलूजला गेलो. गिरिजाबाईचा फड तिथं उतरला होता. ती तंबूबाहेर तांदूळ निवडत बसली होती.

मी छाती काढून म्हणालो, "गाण्यातला नवरा मी हाय."

तिनं मान वर केली नाही. "बसा. असलं नवरं गावोगावी भेटत्यात. परवाच एक येऊन गेला."

"पर खरा मीच!"

"येडेपणाचा दाखला कुटं मिळतो व्हय, दादा?" असं म्हणून ती गोजरबाईकडं वळली. "तुमी म्हणा बघू, आक्का."

गोजरबाईनं गाणं म्हटलं, आणि दोन ओळींवर न थांबता पुढं गेली :

भोंगा बोलतो गावाशी बाई, धनी घरात मुका,
कुंभारीच्या महिपतीला गं बैल म्हणू नका!

गिरिजाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "हे कुटं हुतं इतकी वर्सं?"

"आमच्या शेतात," गोजरबाई म्हणाली. "खुरपताना म्हणतो की आमी."

मी त्या ओळी पहिल्यांदाच ऐकत होतो. गावाला भोंगे लावत हिंडत होतो ना!

गिरिजाबाईनं त्या ओळी घालून नवी रेकॉर्ड काढली. गावाचं नाव आलं, वर माझंही आलं. ज्यासाठी तणतणत गेलो, ते सगळं मिळालं. कुंभारीचा महिपती सोलापूर जिल्ह्यात घरोघरी ठाऊक झाला.

मागच्या वैशाखात एका लग्नात ती रेकॉर्ड लावली होती. वरपक्षाकडचे एक म्हातारे जवळ येऊन म्हणाले, "काय हो, हा महिपती अजून हाय का?"

"वारला," मी म्हणालो.

बायकांतून गोजरबाई कडाडली, "जीभ झडंल! हितंच हाय की, भोंग्यामागं बसलाय!"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मी घाईनं सुई उचलली, तर करवल्या ओरडल्या, "परत लावा! परत लावा!"

लावली.