पावसाळ्यात बंद असलेलं औषध

बायोप्सीचा रिपोर्ट डॉ. शेख मॅडमनी मला फोनवर वाचून दाखवला. मॅडम आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्वचारोगतज्ज्ञ आणि मी तिथल्या मेडिकल स्टोअरचा फार्मासिस्ट. फार्मासिस्टला कुणी बायोप्सीचे रिपोर्ट वाचून दाखवत नाही. मी तसं म्हणालोही.

“वंदनाचा आहे,” त्या म्हणाल्या. “सोयगावकडची. नाकाशेजारची जखम म्हणजे कॅन्सर निघाला. सनस्क्रीन न मिळता ती तुमच्या खिडकीवरून किती वेळा परत गेली, तेवढं रजिस्टर बघून मला सांगा.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण पुढचं न ऐकता त्यांनी फोन ठेवला.

वंदना मला माहीत होती. वय सव्वीस. तिच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. तिला ॲल्बिनिझम आहे, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य तिच्या अंगात जन्मापासून तयारच होत नाही. लोक त्याला कोड समजतात, पण कोड वेगळं. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढुरकं. नजर अधू, त्यामुळं चिठ्ठी वाचायची तर ती नाकाला लावून वाचायची. गावात तिला भुरी म्हणत.

आपल्या सावळ्या कातडीत ऊन अडवायला एक पडदा असतो. तिच्यात तो नाही. तिच्यासाठी सनस्क्रीन म्हणजे नटण्यामुरडण्याचं सामान नव्हे. डायबिटीसवाल्याला इन्सुलिन, तसं तिला ते.

मी एन.ए. रजिस्टर काढलं. चिठ्ठीवरचं औषध स्टोअरला नसलं की पेशंटचं नाव, औषध आणि कारण त्यात लिहायचं असतं. सहा वर्षांची पानं चाळली. एकोणीस वेळा. जुलै ते फेब्रुवारी या महिन्यांतच. सगळ्या नोंदी माझ्या अक्षरात, आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी ‘स्टॉक नाही’.

स्टॉक का नव्हता, तेही सांगतो. स्टोअरला लागणाऱ्या औषधांची मागणी यादी करतात, तिला इंडेंट म्हणतात. ती मी करतो आणि आमचे ॲडमिनिस्ट्रेटर गाडेकर साहेब मंजूर करतात. सहा वर्षांपूर्वी मॅडमच्या सांगण्यावरून मी सनस्क्रीन बारा महिन्यांसाठी टाकलं होतं. साहेबांनी बारा खोडून चार केलं. शेजारी लाल पेनानं लिहिलं: कॉस्मेटिक, समर ओन्ली. मी भांडलो. ते म्हणाले, अहो, हे पावडर-लिपस्टिकच्या लायनीतलं आहे, उन्हाळ्यापुरतं देतोय हेच लई झालं. दुसऱ्या वर्षी मी जरा कमी भांडलो. तिसऱ्या वर्षापासून मीच चार महिने लिहून सही करायला लागलो. खाडाखोड तरी वाचेल, एवढाच विचार.

आणि त्या रिपोर्टच्या आधीच्या ऑगस्टमध्ये जे झालं त्याच्याशी तर साहेबांचा काहीच संबंध नव्हता.

त्या दिवशी झड लागली होती. वंदना सोयगावहून एसटीनं भिजत आली. खिडकीत चिठ्ठी ठेवली. मी बघितली आणि हसलो. म्हणालो, “अगं, बाहेर बघ. ढगात कुठलं ऊन? मार्चमध्ये ये, तेव्हा स्टॉक असतो.” ती “व्हय काका” म्हणाली आणि गेली.

मी फार्मसीचा पदवीधर आहे. उन्हात चटका देणारे किरण वेगळे आणि चटका न देता कातडीत खोल जाणारे वेगळे, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ढगानं उकाडा कमी होतो, उजेड कमी होतो, पण ते किरण बरेचसे खाली येतातच. हिवाळ्यात ऊन गोड लागतं म्हणून माणूस त्यात जास्त वेळ बसतो. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं अशी सबबही मला नाही.

जानेवारीत ती ऑपरेशनसाठी भरती झाली. आदल्या दिवशी इंजेक्शन आणि ड्रेसिंगची यादी घेऊन ती स्वतःच खिडकीवर आली. नाकाच्या डाव्या बाजूला पट्टी होती. मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. उन्हाळ्यातली ट्यूब किती दिवस पुरायची, असं विचारलं.

ती म्हणाली, दिवाळीपर्यंत पुरवायची. आधी तोंडभर, मग नुसती गालांना, आणि संपत आली की खोबरेल तेलात कालवून. सकाळी लेकरं गोळा करायला घरोघर हिंडावं लागतं, वजनं अंगणातच घ्यावी लागतात. मग चट्टे उठायचे, खरखर व्हायचे, खपली धरायचे. दिवाळीनंतर एक चट्टा बराच होईना.

तिकडं दुकानात विकत मिळाली नसती का, हेही मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तिथं गोरं व्हायची क्रीम मिळतीय काका,” ती म्हणाली. “मला गोरं व्हून काय करायचंय?”

मी यादीतली औषधं काढायला लागलो. पाठीमागून ती सहज म्हणाली, “आई म्हनायची, पावसात बी तोंड बांधून जात जा. मीच तिला सांगितलं, मेडिकलवाले काका म्हनले, ढगात ऊन नसतंय.”

तिच्या बोलण्यात बोल लावणं नव्हतं. त्यानं मला जास्त लागलं.

ती वॉर्डात गेल्यावर मी रजिस्टर बगलेत मारलं आणि थेट गाडेकर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते बसा म्हणाले. मी बसलो नाही. एकोणीस नोंदी एकेक करून दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं. डॉ. शेख मॅडमशी त्यांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

“मॅडमच म्हणाल्या, एका पावसाळ्यात कॅन्सर होत नाही,” ते म्हणाले. “हे वर्षानुवर्षांचं असतं. मग आपला काय संबंध?”

“वर्षानुवर्षं आपणच दिलेलं नाही, साहेब.”

“इंडेंटवर सही तुमची आहे.”

“आहे. म्हणूनच आलोय. तशी सही मला पुन्हा करायची नाही.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मार्चमध्ये कमिटीची मीटिंग आहे, तिथं विषय ठेवू, म्हणाले. मार्चमध्ये विषय ठेवायचा म्हणजे उन्हाळा लागलेला असणार, चार महिन्यांचा स्टॉक आलेला असणार आणि कुणाला काही वाटणार नाही. हे त्यांनाही कळत होतं, मलाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत साहेबाच्या टेबलावर हात आपटावासा वाटला तो त्या दिवशी. आपटला नाही. रजिस्टर घेऊन खाली आलो.

खाली आलो आणि लिहायला बसलो. वंदनाच्या शेवटच्या नोंदीत ‘स्टॉक नाही’ लिहिलेलं होतं. त्यात खाडाखोड करता येत नाही. पण नव्या नोंदी माझ्या हातात होत्या. दुसऱ्या दिवशी शहागंजची एक बाई आली. तिला ल्युपस नावाचा आजार, ऊन लागलं की चेहऱ्यावर लाल चट्टे येतात आणि सांधेही धरतात. चिठ्ठीवर सनस्क्रीन. मी रकान्यात लिहिलं: ‘दिलं नाही. कारण, हिवाळा.’ मग वांगाचे दोन पेशंट आले. वांग म्हणजे गालांवरचे काळे डाग. औषधानं उतरतात आणि ऊन चालू राहिलं की पुन्हा येतात. त्यांनाही तेच. ‘कारण, हिवाळा.’ आठवडाभर जे जे आले त्यांच्यापुढं तेच लिहिलं.

शनिवारी रजिस्टर साहेबांच्या सहीला जातं. दहा मिनिटांत वर बोलावणं आलं.

“हे काय लिहिलंय?”

“कारण.”

“ऑडिटवाले बघतात हे.”

“बघावं म्हणूनच असतं ना, साहेब.”

“स्टॉक नाही, असं लिहा. नेहमीसारखं.”

“स्टॉक नाही हे कारण नव्हे. स्टॉक का मागवला नाही, ते कारण. दुसरं काही असेल तर तुम्ही सांगा, मी तेच शब्द लिहितो आणि त्याखाली तुमची सही घेतो.”

सही न करताच साहेबांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. पुढच्या शनिवारीही तसंच. त्या आठवड्यात शेख मॅडमनी कमिटीला लेखी पत्र दिलं आणि सोबत माझ्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. तिसऱ्या आठवड्यात परिपत्रक निघालं. सनस्क्रीन लोशन प्रसाधनाच्या यादीतून काढून औषधांच्या यादीत घेतलं, बारा महिने. का घेतलं, त्याबद्दल एक ओळ नाही. वंदनाचं नाव तर नाहीच. पुढं एका शिबिरात साहेबांनी माइकवर सांगितलं की आमचं हॉस्पिटल त्वचेच्या बाबतीत किती जागरूक आहे. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच माझ्याच्यानं झालं.

वंदनाचं ऑपरेशन नीट झालं. नाकाशेजारचा रुपयाच्या नाण्याएवढा भाग काढला आणि कानामागची कातडी तिथं लावली. कडांना आजार उरलेला नाही, असा पुढचा रिपोर्ट आला. नाकपुडी एका बाजूला जरा ओढलेली राहिली. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, आणि ती आयुष्यभर राहील.

जुलैत ती तपासणीला आली. बाहेर रिपरिप चालू होती. मी दोन ट्यूब काढल्या आणि कसं लावायचं ते दाखवलं. दोन बोटांवर लांबीनं रेघ ओढायची, तेवढं तोंडाला आणि मानेला, कान विसरायचे नाहीत. बाहेर असशील तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वरून टोपी आणि स्कार्फ. तिनं ट्यूब नाकाशी धरून वाचली.

मग मी तिला म्हणालो, ऑगस्टमध्ये मी जे बोललो ते खोटं होतं. माझं चुकलं.

ती जरा अवघडली. म्हणाली, “तुम्हाला बी कुनी तसंच सांगितलं असंल.”

मला कुणीच तसं सांगितलं नव्हतं. मी खिडकीतून पाऊस बघितला आणि बोलून मोकळा झालो. ते मी तिला सांगितलं की नाही, हे आता मला आठवत नाही. बहुतेक नाही सांगितलं, कारण मागं लाइन होती.

आता स्टोअरला नवीन फार्मासिस्ट आला की त्याला मी एवढंच सांगतो. चिठ्ठीवर लिहिलंय ते द्यायचं. नसेल तर नाही म्हणायचं आणि का नाही ते खरं लिहायचं. पेशंटला हवामान सांगायचं नाही.