बहादूर मत द्यायला गेला तेव्हा

सोसायटीत राहणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते जिन्यात, गच्चीवर, टाकीखाली आपोआप साचत जातात, जुन्या वर्तमानपत्रांसारखे. फक्त त्यांचा रद्दीवाला येत नाही! परवा आमच्या भिशीत कोणीतरी वॉचमनचा विषय काढला आणि मी एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यावर घसरले. सगळ्यांचे चहा गार झाले, तरी माझं संपेना. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आमची सोसायटी वाशीत. तेव्हा वाशीला ट्रेन अजून यायची होती. खाडीपलीकडचे नातेवाईक आमच्याकडे यायचे ते गावाला निघाल्यासारखे पिशव्या भरून. सेक्रेटरी होते सामंतसाहेब. मूळचे मालवणकडचे, आवाज खणखणीत, मन मऊ; पण ते मऊ आहे हे कोणाला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा! सोसायटी झाल्यापासून सेक्रेटरी तेच. दर वर्षी ते राजीनामा द्यायला उभे राहायचे, दर वर्षी आम्ही "छे छे!" म्हणायचो आणि पुढच्या विषयाकडे वळायचो.

मिटिंगचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. आणि ते मी आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे! 'ठराव एकमताने मंजूर.' अकरा वर्षांत एक शब्द बदलावा लागला नव्हता. विरोध करायचा तर तो जिन्यात, आवाज खाली आणून. मिटिंगमध्ये विरोध करायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

*

आमचा वॉचमन बहादूर. गाव नेपाळच्या डोंगरात, पण मराठी बोलायचा ते थेट आगरी! पोरगेलासा असताना इकडे आला आणि इथल्याच जुहूगावात एका आगरी कुटुंबाकडे खोली घेऊन राहिला. त्या घरातल्या आजीने त्याला जेवायला आणि बोलायला एकदमच शिकवलं. नवीन भाडेकरू आला की चेहरा बघून त्याच्याशी हिंदीत सुरू करायचा, आणि हा म्हणायचा, "पानी सकालचा येतंय, भरून ठेवा." भाडेकरू चाट पडायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी तो सामंतांच्या दारात उभा राहिला. मी तिथेच होते.

"सायेब, मना सुट्टी पायजे. गावाला जावाचा हाय."

"कोणाचं लग्न?"

"नाय."

"कोण आजारी?"

"नाय. वोट देवाचा हाय."

नेपाळात तीस वर्षं राजकीय पक्षांना बंदी होती. आदल्या वर्षी लोक रस्त्यावर आले, राजाला नमतं घ्यावं लागलं, वर्षभर तात्पुरतं सरकार चाललं आणि आता संसदेची निवडणूक लागली होती. अशी निवडणूक शेवटची झाली ती बहादूरच्या जन्माआधी. त्याच्या बापाने तेव्हा मत दिलं होतं. त्याच बापाचं पत्र आलं होतं, ये म्हणून.

सामंत म्हणाले, "अरे मेल्या, आधी गोरखपूरची गाडी, मग बस, मग डोंगर चढायचा. एका मतासाठी? एका मताने काय होतं?"

बहादूर म्हणाला, "म्हाईत नाय सायेब. कंदी दिलाच नाय!"

*

सामंतांनी सुट्टी दिली, पण दोन अटींवर. एक, तीन आठवड्यांत परत. उशीर झाला तर नोकरी विसरायची. दोन, जाताना बदली माणूस देऊन जायचं.

बदली ही त्या लोकांची जुनी रीत. एक गावाला गेला की मामेभाऊ, चुलतभाऊ, गाववाला, कोणीतरी त्याच्या खुर्चीवर येऊन बसायचाच. बहादूरने सांगितलं, शेजारच्या सोसायटीतला माझा मामेभाऊ बघेल. सामंत खूश. मामेभाऊ त्यांच्या ओळखीचा, सज्जन.

बहादूर गेला. सकाळी सामंत गेटवर बदलीची वाट बघत उभे. आठ वाजले, नऊ वाजले. पलीकडच्या गेटवर शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी शहासुद्धा येरझारा घालताना दिसले. शेवटी दोघे मधल्या भिंतीशी आले.

सामंत म्हणाले, "अहो शहा, तुमचा वॉचमन पाठवताय ना? आमच्याकडे बदली आहे तो."

शहा म्हणाले, "तो तर काल गावी गेला मतदानाला. त्याची बदली तुमचा बहादूर करणार होता ना? आम्ही त्याची वाट बघतोय!"

दोघेही एकाच गाडीने गेले होते. कोपरखैरण्यापर्यंत चौकशी केली. प्रत्येक सोसायटीला एक बदली मिळालेला होता आणि प्रत्येक बदली गोरखपूरच्या गाडीत होता!

*

मग काय, आम्हीच पाळ्या लावल्या.

आमच्याकडे गोडबोले सर म्हणून होते, शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. सुट्टी लागलेली, म्हणून दुपारची ड्युटी त्यांना. त्यांनी पहिल्या दिवशी नियमावली केली आणि गेटला डकवली. विक्रेत्यांना एक ते चार बंदी, पाहुण्यांनी फ्लॅट नंबर सांगावा, वगैरे.

आपल्याकडेही तेव्हा लोकसभेची धामधूम होती. एक उमेदवार भर दुपारी दोन वाजता लवाजमा घेऊन गेटवर आला. गळ्यात हार, हात जोडलेले, घामाने शर्ट चिकटलेला. सर खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"कोणाकडे जायचंय?"

"सगळ्यांकडे!" उमेदवार हसून म्हणाला.

"सगळ्यांकडे असं चालत नाही. एक फ्लॅट नंबर सांगा, नाहीतर विक्रेत्यांसारखं चारनंतर या."

कार्यकर्ता पुढे सरसावला, "ओ, ओळखलं नाही का? साहेब उभे आहेत!"

सर म्हणाले, "दिसतंय मला. मी कुठे म्हटलं बसलेत?"

तो बिचारा उमेदवार चारपर्यंत समोरच्या उसाच्या गुऱ्हाळात बसला. चारला परत आला तेव्हा सरांनी स्वतः उठून गेट उघडलं आणि वर बारा मिनिटं मतदाराच्या कर्तव्यांवर ऐकवलं!

*

संध्याकाळची ड्युटी तळमजल्यावरच्या नजमाभाभींनी मागून घेतली. भाभींचं माहेर उलव्याचं. तेव्हाचं उलवं म्हणजे भातशेती आणि खाडी. भाभी गेटात पाट टाकून कोलंबी सोलत बसायच्या. आत जाणाऱ्याची चौकशी अशी व्हायची की पोलिसांनी शिकावं.

एकदा एक मिक्सर विकणारा आला. भाभींनी त्याला आधी घरचं विचारलं, मग लग्नाचं, मग समोर कोलंबीची परात सरकवली. "बसलायस तं हात चालव!" तासाभराने मी ऑफिसातून आले तर हा सोलतोय आणि भाभी त्याला शिकवतायत. मिक्सर एकही खपला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि मिक्सर घरी ठेवून आला!

*

सामंतांची पाळी रविवारी सकाळी. त्याच रविवारी त्यांच्या मेधाला बघायला ठाण्याची मंडळी यायची होती, अकराला. आली दहाला.

सामंत गेटवर, अंगात बनियन, खाली हाफपँट, गळ्यात बहादूरची शिट्टी. मुलाचे वडील गाडीतून उतरले आणि म्हणाले, "ए वॉचमन, सामंत का घर किधर?"

सामंतांनी क्षणभर विचार केला. या अवतारात 'मीच मुलीचा बाप' म्हटलं तर मंडळी गाडी फिरवतील. म्हणाले, "दुसरा माला, साब."

त्या गृहस्थांनी त्यांना बाजूला घेतलं. "आदमी कैसा है?"

"देव आदमी, साब!"

"और लड़की?"

"लड़की बाप से भी अच्छी!"

"और बीवी?"

सामंतांनी वर गॅलरीकडे बघितलं. कोणी नव्हतं. म्हणाले, "थोडी कडक है."

मंडळींना जिना चढू दिला आणि हे मागच्या बाजूने पाइपला धरून पहिल्या मजल्यावर आमच्या गॅलरीत! आमच्या ह्यांचा इस्त्रीचा शर्ट-पँट चढवून, केस चापून, हसतमुखाने स्वतःच्या घरात हजर. बोलणी छान झाली. उठताना मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही खालूनच चौकशी करून आलो हो. तुमचा वॉचमन फार चांगलं बोलला. फक्त वहिनी कडक आहेत म्हणाला, तसं काही वाटत नाही."

सामंतवहिनी म्हणाल्या, "कुठला वॉचमन? आमचा वॉचमन तर नेपाळला गेलाय!"

मेधाचं लग्न जमलं. सामंतांना मात्र आठवडाभर चहा स्वतः करून घ्यावा लागला.

*

तीन आठवडे झाले, चार झाले, पाच झाले. बहादूरचा पत्ता नाही. शहांचा वॉचमन, तो मामेभाऊ, परत आला, आमचा नाही. सामंतांना कमिटीपुढे तोंड दाखवायची पंचाईत झाली. अट त्यांनीच घातलेली. शिवाय एका सिक्युरिटी एजन्सीचा माणूस रोज येऊन गणवेशाचे फोटो दाखवत होता. शेवटी मिटिंग ठरली, ठराव ठरला, आणि मी आदल्या दिवशी नेहमीसारखं लिहून ठेवलं: 'बहादूर यांस कामावरून कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर.' खरं सांगते, लिहिताना बरं वाटलं नाही. पण लिहिलं.

आणि मिटिंगच्याच सकाळी बहादूर आला. काळवंडलेला, वाळलेला, नखावर शाईचा डाग.

त्याला मिटिंगमध्ये बोलावलं. गच्चीवर सगळे जमलेले. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

सामंत कडक आवाजात म्हणाले, "मत दिलंस?"

"दिला सायेब."

"मग लगेच निघायचं. इतके दिवस काय केलंस?"

"निकालाला थांबलो. आमच्याकडचा निकाल लवकर नाय लागत. आनि मी नि बाप, आमची पैज होती. बापाने झाडाच्या निशानीला दिला, मी सूर्याच्या."

गोडबोले सरांना राहवलं नाही. "अरे, म्हणजे तुझ्या मताने त्याचं मत खाल्लं! दोघं घरी बसला असतात तरी बेरीज तीच!"

बहादूर म्हणाला, "तसा नाय सर. मी हितं वाशीला बसलो असतो तं बाप एकटाच जिंकला असता!"

गच्ची हसली. सामंत हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोण जिंकलं मग?"

"बापाचा झाड. मना कोंबडा कापून घातला त्याने, खुशीत."

"तू त्याच्याविरुद्ध देणार, हे त्याला आधी माहीत होतं?"

"म्हाईत होता. म्हनून तं पत्र धाडला." बहादूरने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बोल्ला, तीस वरसं गावात मी बोलेन त्याला समदे हो बोलतान. आता सरकारने सोय केलीय, तं तू ये नि मना नाय बोल."

खाली नजमाभाभींच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती वरपर्यंत ऐकू आली.

सामंतांनी चष्मा काढला, पुसला, घातला. समोरचा कागद उचलून वाचायला लागले. "ठराव. बहादूर यांस कामावरून कमी करावे. सूचक, सामंत. कोणाचा विरोध?"

बहादूर जावा असं त्या गच्चीवर एकालाही वाटत नव्हतं, शपथेवर सांगते. पण सवय कशी असते बघा. कोणी नखं बघतंय, कोणी टाकी बघतंय. मी वहीत बघतेय.

"कोणाचा विरोध?" सामंतांनी पुन्हा विचारलं.

एकही हात वर गेला नाही.

सामंत खुर्चीवरून उठले. त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम फाटला. "अहो, अकरा वर्षं झाली! कोणीतरी 'नाही' म्हणा की हो मला!"

"नाय!" नजमाभाभी म्हणाल्या, आणि कोलंबीच्या वासाचा हात सरळ वर. मग गोडबोले सर. मग मी. मग सामंतवहिनी, दोन्ही हात. मग सगळी गच्चीच. सामंतांनी सगळीकडे नजर फिरवली, आणि सर्वांत शेवटी स्वतःचा हात वर केला.

खाली बसून घाम पुसत मला म्हणाले, "वहिनी, खोडा ते 'एकमताने'."

मी म्हटलं, "'मंजूर' खोडते, तिथे 'नामंजूर' करते. पण 'एकमताने' कशाला खोडायचं साहेब? आताही एकमतानेच झालंय!"

"असू दे," सामंत म्हणाले. "तरी खोडा."