तात्यांना येत होतं

तात्या गेल्याचं मला एका कॉमेंटवरून कळलं. क्लास सुरू व्हायच्या आधी मोबाईल उघडला, तर आमच्या चॅनेलवरच्या एका जुन्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली, तात्या.' त्या व्हिडिओखाली लोक काहीही लिहीत. मला वाटलं, ही पण थट्टाच. मी खाली टाकलं, 'खिशात बघा', आणि पुढे हसरी तोंडं. पेटी उघडतोय तोच त्यांच्या मुलाचा, सुनीलचा फोन आला. पहाटे गावी, झोपेतच... मी माझं उत्तर पुसलं. तोवर बऱ्याच जणांना ते आवडलं होतं.

भास्करतात्या निवृत्तीनंतर काकूंना घेऊन संगमनेरला, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सुनीलकडे राहायला आले. गाव अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, भातखाचरांचं. सगळी नोकरी दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून गेली आणि केबिनमध्ये एकटं असताना गायचं, एवढाच नाद. गावच्या भजनात मात्र त्यांना कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. 'तू टाळ धर, सूर आमी धरतो,' असं तरुणपणी चारचौघांत ऐकवलं होतं आणि ते त्यांनी कधी कुणाला माफ केलं नाही. माझ्या हार्मोनियमच्या क्लासला आले, पाचवी-सहावीतल्या पोरांमध्ये मांडी घालून बसले आणि पहिल्याच दिवशी हेतू सांगून टाकला. 'सर, मला लई न्हाई शिकायचं. नवरात्रात गावात देवीपुढं एक भूप म्हनायचा. सगळा. ज्यांनी हातात टाळ दिला त्यांच्या म्होरं.'

प्रश्न मात्र त्यांना पुष्कळ पडत. सगळ्याच नवशिक्यांना पडतात तेच, फक्त तात्या ते विचारायला लाजत नसत. तीनताल म्हणता आणि मात्रा सोळा, हा हिशोब कुठला? तीन टाळ्या म्हणून तीनताल, मी सांगायचो. सूर सात आहेत तर भूप रागात पाचच का, बाकीचे दोन कुणी खाल्ले? सम आपल्याकडे येते की आपण तिच्याकडे जायचं? मी तेव्हा संगीतशास्त्रातल्या पहिल्या प्रश्नांचं एक चॅनेल काढलं होतं. फळ्यासमोर उभा राहून एकटाच बोलायचो आणि बघायला कुत्रं फिरकत नव्हतं. एकदा मोबाईल चालू असताना तात्यांनी पेटीकडे बोट केलं, 'सर, एवढ्या पट्ट्या हायत, ह्यातला सा नक्की कुटला?' याचं उत्तर सोपं आहे आणि सुंदरही आहे. सा ठरलेला नसतो. ज्याचा गळा जिथे सहज उभा राहतो, तो त्याचा सा. पण मी म्हणालो, 'तात्या, खिशात बघा.' आणि त्यांनी खरोखर शर्टाच्या खिशात हात घातला. चष्म्याचं घर निघालं, एसटीचं तिकीट निघालं... पोरं हसून लोळली. खरं उत्तर मी नंतर दिलं होतं. ते कापलं आणि तेवढा खिशाचा तुकडा चॅनेलवर टाकला. काही दिवसांतच पार श्रीरामपूरच्या बाजारात लोक तात्यांना थांबवून खिशात हात घालायला लावू लागले.

सुरुवातीला तेही खूश होते. जन्मभर आरशात मागचा रस्ता बघितला, आता लोक आपल्याकडं बघतात, म्हणायचे. मग दर आठवड्याला एक प्रश्न, एक टोमणा, एक हशा. पण मधल्या काळात एक अडचण झाली. तात्या शिकले. सा पक्का झाला, भूपाचे आरोह-अवरोह स्वच्छ येऊ लागले, सम चुकेना. कॅमेऱ्यापुढे ते बरोबर उत्तर द्यायचे आणि मी थांबवायचो. येतंय ते दाखवू नका, लोक न येणाऱ्या तात्यांना बघायला येतात, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकलं, कारण नवरात्रात पेटीच्या साथीला गावी येईन असं मी कबूल केलं होतं. मुद्दाम बेसूर गायला मी त्यांना बसवायचो. एकदा घाम पुसत म्हणाले, 'चुकीचं म्हनायला लई जड जातं सर. गाडी एकदा सरळ चालायला लागली की हात तिला खड्ड्यात घालू देत न्हाई.' आणखी एकदा विचारलं, सा हलत नाही म्हणता आणि माणसागणिक बदलतो असंही म्हणता, दोन्ही कसं खरं? मला क्षणभर थांबून विचार करावा लागला. तो प्रश्न मी टाकला नाही. मी विचार करताना दिसत होतो.

नवरात्रात गेलो. देवळापुढे मांडव, पुढच्या रांगेत तीच भजनी मंडळी, आता म्हातारी झालेली. तिन्हीसांजेची वेळ होती. तात्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, काकू बायकांत बसल्या होत्या. मी त्यांची पट्टी धरली. तात्यांनी डोळे मिटले आणि सा लावला. खरा, स्थिर, त्यांचा सा. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, 'तात्या, सा गावला का?' आणि मांडवभर पुरुषांनी आपापल्या खिशावर हात मारला. पुढच्या रांगेनेही. तात्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी धरून ठेवायला हवी होती. शांत बसा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी हसत होतो, कारण समोर मोबाईल चालू होता आणि हे किती चालेल ते मला कळत होतं. मग तात्यांनी सावकाश सदऱ्याच्या खिशात हात घातला, उलटा करून दाखवला... मांडव कोसळायचा बाकी राहिला. भूप झालाच नाही. जीपपर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, 'उगाच एवढ्या लांब पेटी आनली तुमी.' संगमनेर यायच्या आत, जीपमधूनच, मी तो व्हिडिओ टाकला. सगळ्यात जास्त चालला तो तोच.

त्यानंतर तात्या गावीच राहिले. मी दोनदा फोन केला, दोन्हीदा काकूंनी उचलला आणि ते शेतात गेलेत म्हणून सांगितलं.

दिवसपाणी उरकल्यावर सुनीलने काकूंना संगमनेरला आणलं. मी भेटायला गेलो. सगळे व्हिडिओ काढून टाकतो, असं मी त्यांना म्हणालो. त्यांच्यासाठी म्हणालो, असं मला तेव्हा वाटत होतं. काकूंनी विचारलं, 'घरी तर ते बरोबर म्हनायचे. मी भाकरी करायची आन् ते म्हनायचे. तिथं चुकीचं का म्हनायचे?'

'मी सांगायचो म्हणून.'

त्यांनी मान हलवली, जशी दूधवाल्याचा हिशोब ऐकून हलवावी. मग म्हणाल्या, 'घरचं कुनी रेकाड केलं न्हाई. हायेत ते राहू द्या. चुकीचं का व्हईना, आवाज त्यांचाच हाय.'

म्हणून ते आहेत. आजही लोक बघतात, हसतात, पुढचा भाग कधी म्हणून विचारतात. रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी काकू भिंतीपलीकडे मोबाईल लावून ठेवतात. तात्या चुकतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मी मोठ्याने हसतो. माझं हसणं त्या पुढे ढकलत नाहीत, कारण मोबाईलवर पुढे कसं ढकलायचं ते त्यांना येत नाही. सुनीलची पाळी रात्रीची असते. दाखवायला मीच जायला हवं... पण दाखवायचं, तर आधी त्यांच्याशेजारी बसून ते पुरतं ऐकावं लागेल.