भरडातलं गवत

कट्टा गावच्या बाजारापासून थोडं आत माझी काजू-आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. वडिलांनी सुरू केली, पुढे मी चालवली. पावसाळा तोंडावर आला की गावोगावची माणसं रोपं न्यायला येतात. गेल्या काही वर्षांत त्यांतली बरीचशी एकच गोष्ट सांगत येऊ लागली होती. आधीची बाग वणव्यात गेली, म्हणून नवी रोपं हवीत. एक गृहस्थ तर त्याच उतारासाठी लागोपाठ तीनदा रोपं घेऊन गेले. नंतरच्या पावसाळ्यात ते आलेच नाहीत. धंदा वाढला होता, पण असा वाढलेला धंदा अंगाला लागत नाही.

म्हणून तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. काम साधं होतं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की वाड्यावाड्यांवर जायचं, लोकांना गोळा करायचं आणि उन्हाळ्याआधी त्यांची घरं आणि बागा वणव्यासाठी तयार करून घ्यायच्या. घराभोवतीची जमीन झाडून मोकळी करायची, कौलांवरचा सुक्या पानांचा पातेरा काढायचा, लाकडं आणि तणाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंज भिंतीपासून लांब न्यायची. बागेच्या कडेने गवत कापून एक रुंद पट्टा उघडा करायचा. त्याला जाळरेषा म्हणतात. वणवा उघड्या मातीपाशी आला की त्याला पुढे खायला काही मिळत नाही.

हे सगळं लोकांना माहीत होतं. पूर्वी गुरं होती तेव्हा गवत आपोआप चरलं जायचं, उरलेलं लोक कापून न्यायचे. आता गुरं नाहीत आणि कापणारे हातही नाहीत. सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठाराच्या, खालच्या ज्या वाडीत मी पहिल्यांदा गेलो, तिथली निम्मी घरं गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडत. बाकी वर्षभर कुलूप आणि अंगणात कमरेएवढं गवत. देवळासमोर बैठक घेतली तर आलेल्यांत सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीचा होता. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वणवा काय, दरवर्षी येतो, देवाच्या मनात असेल ते होईल, असं एकाने सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी उठून निघालो तेव्हा मागच्या बाजूला बसलेली एक बाई माझ्याबरोबर चालू लागली. म्हणाली, माझ्या घराकडे ये, माझं घर वाडीत सगळ्यात वर आहे, आग आली तर आधी माझ्याकडेच येणार.

तिला सगळी वाडी काकी म्हणायची, मीही म्हणू लागलो. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन जामसंड्याला. घरात ती आणि एक गाय. घराच्या मागे उतारावर तिची काजूची बाग होती. ती पाहिल्यावर मला समजलं की ही रोपं आमच्याकडचीच, माझ्या वडिलांच्या हातची. तिने आणि नवऱ्याने पहिले दोन उन्हाळे खालच्या व्हाळातून घागरीने पाणी आणून ती जगवली होती. चढ असा, की मला मोकळ्या हाताने चढतानाही दम लागला.

घराचं काम आम्ही लगेच सुरू केलं. काकीला एकदा कारण सांगितलं की ती कामाला लागायची. ठिणगी कौलाखालच्या फटीतून आत शिरते आणि माळ्यावर जाते, असं मी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची नारळाची सोडणं स्वतः खाली उतरवून ठेवली होती. पडवीतली लाकडं गोठ्यापलीकडे गेली. पुढच्या अंगणातला, खळ्यातला झापांचा माटव तिने मोडू दिला, जरा नाराजीनेच, कारण त्याच्या सावलीत ती दुपारी बसायची. कौलांच्या वळचणीत आणि पन्हळीत साचलेला पातेरा काढायला मी वर चढलो तेव्हा खालून शिडी धरून उभी राहिली आणि नवरा असता तर मला वर चढावं लागलं नसतं, असं काहीसं पुटपुटली. चारी दिशांना जमीन खरवडल्यावर घर मातीच्या कड्यात बसवल्यासारखं दिसू लागलं.

अडलं ते बागेपाशी. काकीच्या बागेला लागून वरच्या अंगाला तिच्या दिराची जमीन होती. भरड, म्हणजे डोंगरउताराची कोरडी जमीन. एकेकाळी तिथे नाचणी व्हायची. वाटणीच्या वेळी भावाभावांत बिनसलं, धाकटा मुंबईला गेला तो त्या भरडात परत उतरलाच नाही. आता तिथे पुरुषभर गवत होतं, मध्ये मध्ये वाळलेली झुडपं. वणवा सड्यावरून येणार तो तिथूनच. आणि रेषा काढायची तर ती त्या भरडातच काढायला हवी होती, कारण काकीच्या हद्दीत अगदी बांधापर्यंत काजू होते. बांधावर पट्टा काढून उपयोग नव्हता, एवढ्या उंच गवताची झळच झाडांना पुरली असती.

परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीत कोयता लावायचा नाही, हे आमच्या कामात ठरलेलं होतं. सिंधुदुर्गात जमिनीवरून काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी काकीकडून दिराचा नंबर घेतला आणि फोन केला. माणूस वाईट नव्हता. गावचा पाऊस, माझ्या वडिलांची रोपवाटिका, सगळं आठवणीने विचारलं. मी रेषेचं बोलल्यावर मात्र आवाज बदलला. सुरुवातीला शुद्ध मराठीत बोलत होता, तो मालवणीवर आला.

"आज गवात कापतलास," तो म्हणाला, "उद्या थंयच गडगो घालतलास. माका सगळा कळता."

गडगा म्हणजे हद्दीची दगडी भिंत; तसं काही होणार नाही, हे मी समजावलं. लिहून देतो म्हटलं, तुमच्या ओळखीचा कुणी उभा करा आणि त्याच्या समोर कापतो म्हटलं. त्याने ऐकून घेतलं आणि मे महिन्यात आलो की बघू, असं सांगून फोन ठेवला. मे महिन्यात वणव्याचा हंगाम संपत आलेला असतो. पुढे दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही.

काकीला सांगितलं तेव्हा ती गायीला पाणी दाखवत होती. मी म्हटलं, तू एकदा बोलून बघ, तुझं ऐकेल. तिने गायीचं पाणी पिऊन होऊ दिलं. मग म्हणाली, नवरा गेला त्या दिवशी तो आला होता, खळ्यात उभा राहिला आणि पाणीही न पिता गेला. त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नव्हती, आणि गवतासाठी बोलणार नव्हती. आम्ही तिच्या हद्दीत जमेल तेवढं केलं. झाडांखालचा पातेरा ओढून काढला, खालच्या फांद्या छाटल्या, बांधाकडचा भाग झाडून घेतला. ते पुरेसं नाही हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असावं.

आग आली ती मार्चात, भर दुपारी, काजूच्या बिया गोळा करण्याच्या दिवसांत. मी रोपवाटिकेत होतो. फोन काकीचाच होता. "भरडात इली," एवढंच ती म्हणाली. मोटारसायकल घेऊन निघालो. डांबरी रस्त्यावरूनच सड्याखाली धूर दिसत होता, खाली पांढरा आणि वर तपकिरी. कुणी कुठे काय पेटवलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणालं पलीकडच्या गावात शेत भाजायला भाजावळ केली होती, कुणी म्हणालं विडी.

मी पोचलो तेव्हा भरड पेटलेलं होतं आणि आग बांध ओलांडून बागेत शिरली होती. वाडीतली पाच-सहा माणसं ओल्या फांद्यांनी झोडपत होती, पण ती सगळी थकलेली, वयाने वाकलेली माणसं. एकजण बसून नुसता खोकत होता. वारा समुद्राकडून चढावर वाहत होता, तरी आग उताराने खालीही सरकत होती. काजूचा पाला तडतडत जळतो. बिया फुटतात आणि त्यांच्या तेलाचा काळा धूर घशात बसतो. तो वास मला ओळखीचा होता, पण एवढ्या जवळून नव्हता आला कधी.

काकी बागेत आत होती. पदर तोंडाला बांधून ती एका झाडाच्या बुंध्याभोवती फांदी आपटत होती, आणि आग तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलेली होती. मी जाऊन तिचा दंड धरला. ती सुटायला बघत होती.

"काकी, बाग गेली," मी म्हटलं. "आता घर बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं, हातातली फांदी तिथेच टाकली आणि माझ्याबरोबर खाली आली.

घर वाचलं. मागच्या भिंतीवर झळ येत होती, कौलांवर ठिणग्यांचा पाऊस पडत होता, पण जाळायला तिथे काही नव्हतं. आम्ही फवारणीच्या पंपाने वासे आणि दरवाजे भिजवत राहिलो. जळती पानं उडत येऊन खरवडलेल्या मातीवर पडायची, थोडी लाल व्हायची आणि विझायची. आग मातीच्या कड्यापर्यंत आली, तिथे खुंटली, आणि कडेने व्हाळाकडे उतरून संध्याकाळी संपली. संस्थेतल्या लोकांना नंतर मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. जे जे सांगितलं ते खरं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी काकी पायरीवर बसली होती. चेहरा काजळीने काळा, भुवया झळीने जळलेल्या. शेजारणीने आणलेला चहा तिच्या हातात तसाच होता.

"घर रवला रे," ती म्हणाली. "पण ह्या घराक बघान मी आता करू काय?"

मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत फिरलो. जमीन अजून कोमट होती. ती प्रत्येक झाडापाशी थांबत होती, सालीला हात लावून बघत होती आणि कुठलं झाड कधी धरलं, कुणी लावलं, कुठलं नवऱ्याने गुडघे टेकून काठीला बांधलं होतं, ते सांगत होती. रडली नाही. सांगताना आवाजही नेहमीसारखाच होता. खालच्या अंगाची काही झाडं एका बाजूने हिरवी होती. वरची सगळी उभी जळलेली.

आठवडाभरात दीर आला. कुणीतरी त्याला कळवलं असणार. मी योगायोगाने तिथेच होतो. खांद्याला पिशवी, पांढरे केस, चालताना एक पाय ओढायचा. तो आधी वर जाऊन आला. त्याच्या भरडात गवताशिवाय काही नव्हतंच, त्यामुळे तिथे राख सोडून बघण्यासारखं काही नव्हतं. मग तो बागेतून उतरत आला आणि खळ्यात उभा राहिला. काकी दारात होती.

"वयनी," तो म्हणाला, "माका असा होयत वाटला नव्हता."

"तुका वाटूक नाय, ता खरा," ती म्हणाली. "माका वाटला होता."

एवढंच बोलणं झालं. तो उभाच होता. थोड्या वेळाने तिने आत जाऊन पान वाढलं आणि त्याला जेवायला बोलावलं. तो मान खाली घालून जेवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला की पुढच्या हंगामात भरडातून हवी तेवढी रुंद पट्टी काढा, माझी ना नाही. डोळे भरून आले होते त्याचे. मी मान हलवली. त्याच्यावर राग धरायला मला जमलं नाही, आणि त्याला धीर द्यावा असंही वाटलं नाही.

पावसाळ्याआधी काकी मुलीकडे जामसंड्याला गेली. वर्षाचा सगळा आधार त्या बियांचा होता, तो नव्हता. पण निघण्याचं कारण तिने वेगळं सांगितलं. मागचं दार उघडायला नको वाटतं, म्हणाली. गाय खालच्या वाडीत एकाला दिली. मी नवी रोपं द्यायला तयार होतो, लावून देईन, पाणीही घालून घेईन म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नको म्हणाली. काजू धरेपर्यंत आपण असू की नाही, आणि असलो तरी त्या उतारावर कोण चढणार, असं तिचं म्हणणं होतं.

पुढच्या हिवाळ्यात कामाला जोर आला. वाडीतली माणसं आता स्वतःहून बोलवायला लागली, कुलूपबंद घरांच्या मालकांनी फोनवरून होकार दिले. एका माणसाने तर किल्लीच पाठवून दिली. काकीच्या घरामागचं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. भरडातली रेषा आम्ही मशीनने कापली, सड्याच्या कडेपासून व्हाळापर्यंत, चांगली रुंद. दोन दिवस लागले. कुणी अडवलं नाही.

कापताना लक्षात आलं की आता दोन्हीकडे गवतच होतं. झाडं गेल्यावर बागेत ऊन उतरलं होतं आणि पावसात तिथे भरडापेक्षाही दाट गवत माजलं होतं. जळके बुंधे त्यातून मध्ये मध्ये दिसत होते. बरोबरचा माणूस मशीन थांबवून म्हणाला, रेषा नेमकी कुणाच्या बाजूने धरायची? मी म्हटलं, ठरली आहे तिथूनच ने.

काम संपल्यावर काकीच्या घराभोवतीचंही झाडून घेतलं. कौलांवर पातेरा पुन्हा साचला होता, तो काढला. मग पायरीवर बसून तिला फोन लावला. मुलीने उचलला आणि तिच्याकडे दिला. तिने माझ्या घरच्यांची चौकशी केली, पायदुखीचं सांगितलं. मग विचारलं, एखादं झाड फुटलं का?

खालच्या अंगाची दोन फुटली आहेत, बाकीची नाहीत, असं मी सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता.

"बरा," ती म्हणाली. "पुढच्या वर्साक कौलांर चडू नको रे. पडशीत खंय तरी."

मी हो म्हटलं. तिने फोन मुलीकडे दिला.