लव्हाळ्याचा वैरी आणि सरांचा मंडप

डॉ. साळवे सरांना मी प्रथम पाहिलं ते बारामतीजवळच्या संशोधन केंद्रात, बादलीत लव्हाळ्याची मुळं धुताना. मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरासाठी टिंगलीचा ऐवज शोधत गेलो होतो. शेजारचे बागाईतदार तात्या कुंपणापलीकडून म्हणाले, "लिवा सायेब! दुनिया तण उपटती, आमचं सर त्याला आंगूळ घालत्यात."

सर हसले आणि त्यांनी मला भिंग दिलं. मुळांवर खसखशीहून बारीक दाणे होते. आत सूत्रकृमींची अंडी. उसात कितीही खुरपला तरी पुन्हा उगवणारा लव्हाळा हे कृमी मुळातून खिळखिळा करतात. सरांनी तण जोपासलं ते यांना पोसण्यासाठी.

सूत्रकृमी म्हणजेच 'निमॅटोड'. त्याच्या काही जाती डाळिंबाची मुळंही खातात, त्यामुळे इंदापूरपर्यंतच्या डाळिंबवाल्यांना हे नाव काढलं की घाम फुटतो. म्हणून सर म्हणत, "पिकाला तोंड लावत नाही अशी खात्री होईपर्यंत हा कुंपणाबाहेर जाणार नाही." संचालकांना घोषणेची घाई होती, 'अजून नाही' म्हणण्यापायी सरांची स्वतःची बढती तेवढी राहिली. तात्यांची डाळिंबाची बाग सुकली तेव्हा बोटं सरांकडेच वळली. सरांनी मुळं तपासली. कृमी निराळेच, रोपांबरोबर आलेले. सर रागावले नाहीत. बाग सावरेपर्यंत तिथं जात राहिले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तचा हा गौरवग्रंथ रखडला, म्हणून त्या सोहळ्याची हकीकतही इथं देता येते. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे आधी साफसफाई. नव्या संचालकांना आवारात तण माजलेलं दिसलं. त्यांनी जेसीबी लावून माती खरवडली, मुरूम पसरला आणि वर मंडप घातला. तो सरांचा प्लॉट होता. कृमींचं दुसरं बेणं कुठंही नव्हतं.

सर मंडपात आले, खाली पाहिलं आणि विचारलं, "माती कुठं टाकली?"

"सर, आज तुमचा दिवस! मातीचं काय घेऊन बसलात?" संचालक म्हणाले.

माती रस्त्याच्या भरावात गेली होती. सरांनी शाल घेतली, भाषण केलं नाही. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "गाय इकली आन् गोठ्याला रंग दिला बगा."

हल्ली सर पुन्हा गावोगावच्या उसातून लव्हाळा उपटून पाहतात. तसे दाणे अजून सापडलेले नाहीत. सापडले, तरी खात्री करण्यात पुन्हा वर्षं जातील. तेव्हा सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी रिवाज म्हणून लिहीत नाही. कामाला तेवढं लागणारच आहे. आणि ते पुरं होईपर्यंत त्यांचा पुन्हा सत्कार न करण्याची सद्बुद्धी आम्हाला लाभो.